वायर काढली तरी गार

यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

घडलं ते ब्रॉलीत, कॅलिफोर्नियाच्या पार तळाशी. जुलै महिना, भरदुपार. रात्र नव्हती, काळोख नव्हता. डांबर चपलेला चिकटत होतं, अशा लख्ख उन्हात घडलं.

म्हणूनच ऑफेलियाला अंधाराची भीती वाटत नाही. उजेडाची वाटते.

पंखा १

ऑफेलिया बुस्तामांते शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. घरी ती आणि तिची आई, रेफ्युहिओ. आईच्या किडन्या गेलेल्या. एक दिवसाआड एल सेंट्रोला डायलिसिस. वाटेत नुसती शेतं, सावलीला एक झाड नाही.

जूनमध्ये गाडीचा एसी बंद पडला आणि आई सीटवरच बेशुद्ध झाली.

डॉक्टर स्पष्ट बोलले. "पुन्हा असं ऊन लागलं तर त्यांचं हृदय झेपणार नाही."

दुसरी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून ती जुनी निळी गाडी एलिसेओच्या अंगणात गेली. एलिसेओ तिचा मामेभाऊ. मामाच्या मागे गाड्या दुरुस्त करायचं काम तोच बघतो. त्यानं कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरला, किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"जा. आता आत्याला स्वेटर घालून ने."

ऑफेलिया कोपऱ्यापर्यंत गेली.

डॅशबोर्डच्या झडपांतून हवा आली…

भट्टीसारखी.

ती तशीच उलटी फिरली. "एलिसेओ, मेल्या, एसी बसवलास की हीटर?"

त्यानं गेज लावलं. दाब बरोबर. पाइपाला हात लावला. पाइप गार, वर घाम आलेला. डॅशबोर्डच्या आत गरम आणि गार हवा वेगळी करणारी पट्टी असते, तीही हलत होती.

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला.

"मग हवा गरम का?"

एलिसेओनं गेज काढून ठेवलं. तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. ते ऑफेलियानं हेरून ठेवलं.

पंखा २

दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. इलाज नव्हता. ऑफेलियानं ओले टॉवेल घेतले, बर्फाचं पाणी घेतलं, आईला पुढे शेजारी बसवलं.

आईनं दार ओढलं.

आणि हवा गार झाली.

हळूहळू नाही. एकदम… कुणीतरी वाट बघत असावं तशी.

आईला पोचवून ऑफेलिया एकटी परत फिरली. पुन्हा गरम. संध्याकाळी आईला आणायला गेली. आई बसली. पुन्हा गार.

"म्हणजे आत्या बसली की चालतो, तू बसलीस की रुसतो?" एलिसेओ हसला. "फुकटात परत गॅस भरून हवाय ना? सरळ सांग की."

"जुनं भंगार गळ्यात मारलंस ना? तू सरळ सांग."

दोघं एकमेकांना चोर समजत राहिले. आठवडा तसाच गेला.

मग आईनं सीट पुढे सरकवली.

पार पुढे. गुडघे डॅशबोर्डला टेकेपर्यंत.

"आई, पाय आखडतील तुझे."

"मागे पाय ठेवायला जागा लागते गं."

"कुणाला?"

आई खिडकीबाहेर बघू लागली. लसूणघास हिरवागार पसरला होता.

ऑफेलियानं आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी.

आरशात दिसणारी मागची काच मात्र… धुरकटलेली. आतून.

पंखा ३

पुढच्या खेपेला नर्सनं आईला तपासलं. थर्मामीटर झटकून पाहिला. दुसरा आणला.

"तुम्ही यांना घरी कशात ठेवता?"

"कशात म्हणजे?"

"बाहेर एकशे चौदा फॅरेनहाइट आहे. आणि या बर्फासारख्या लागताहेत. दर वेळी आणखी खाली." नर्सनं आवाज खाली आणला. "काही देताय का यांना? काही लपवू नका. मला वर कळवावं लागेल."

आपल्याच आईला मारणाऱ्या मुलींकडे बघावं, तशी ती बघत होती.

उन्हानं जाईल म्हणून जपलेली आई… गारठ्यानं चालली होती?

तिथून ती थेट एलिसेओच्या अंगणात आली. आई शेजारी, एसी चालू, हवा गार.

"ये इकडे. हात लाव. मी खोटं बोलते ना?"

एलिसेओनं झडपेसमोर हात धरला आणि मागे घेतला. बॉनेट उघडून कॉम्प्रेसरला वीज देणारी वायरच त्यानं उपटली.

"आता गार होणं शक्य नाही."

गारच होतं.

"इंजिन बंद कर."

तिनं बंद केलं.

गारच.

"पंखा?"

बंद

पंखाही बंद.

अंगणात चिटपाखरू नव्हतं. रस्त्यापलीकडचा कुत्रासुद्धा भुंकायचा थांबला.

आईच्या कपाळावरची एक पांढरी बट झडपेसमोर लोंबत होती. ती हलली. मागे उडाली.

मग थांबली…

आणि पुढे ओढली गेली. झडपेकडे.

मागे. पुढे. मागे. पुढे.

संथ. झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी.

ऑफेलिया दार उघडून बाहेर पडली. वळसा घालून गेली आणि आईला दोन्ही काखांत धरून बाहेर काढलं. आईचे दंड इतके गार होते, की तिचा हात सुटता सुटता राहिला.

"कुठून आणलास कॉम्प्रेसर?"

"भंगारातून. नाइलँडकडून."

"कुठल्या गाडीचा?"

एलिसेओ हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"एलिसेओ!"

"चांगली गाडी होती गं. अपघात नाही, कुठे पोचा नाही. वाळवंटात सापडली म्हणे. काचा वर केलेल्या. टाकी कोरडी. फक्त…"

"फक्त काय?"

"मागची सीट नव्हती. कापून काढलेली."

ऑफेलियाला मामा आठवला. आयुष्यभर भंगार उचकलेला माणूस. ज्या गाडीची सीट कापून नेली, तिचा स्क्रूसुद्धा घ्यायचा नाही, असं तो म्हणायचा. सीट उगाच कुणी कापत नाही. तिच्यात मेलेल्याचं जे मुरलेलं असतं, ते धुऊन जात नाही.

"मामा काय सांगायचा, विसरलास?"

"विसरलो नव्हतो." तो पुटपुटला. "आत्याची डायलिसिसची वेळ निघून चालली होती. दुसरा मिळत नव्हता. मला वाटलं, पत्राच तर आहे."

"आत्ता काढ."

आई सावलीत बसली होती. तिनं मान वर केली.

"काढू नका रे. किती वेळ एकटा होता तो."

"काढ, एलिसेओ!"

पंखा १

त्यानं काढला. त्याच दिवशी शेजारच्या गावाहून नवा, खोक्यातला आणला. सगळा गॅस काढून ताजा भरला. ऑफेलिया एकटी फेरी मारून आली. हवा गार. नेहमीसारखी, मशीनची गार. ती गाडीतच रडली.

दोन खेपा नीट गेल्या. आईचं अंग माणसासारखं ऊबदार लागू लागलं. नर्स हसून बोलली. वर काही कळवलं नाही.

तिसऱ्या खेपेला ऑफेलियानं आईसाठी पुढचं दार उघडून धरलं.

आई दाराशी थांबली. आत वाकून बघितलं. मग काठी टेकत मागच्या दाराकडे गेली, आणि मागे जाऊन बसली.

"आई, पुढे बस ना."

"कुठे बसू?"

"इथे. रिकामीच तर आहे."

आईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं पाहुण्यासमोर वेडंवाकडं बोलणाऱ्या पोरीकडे बघतात.

डायलिसिस चुकवून चालणार नव्हतं. तिनं एसी बंद केला. चारही काचा खाली केल्या. मागे ठेवलेला टॉवेल पाण्यानं भिजवून त्यात आईला गुंडाळलं आणि निघाली.

बाहेरून आगीसारखं वारं आत घुसत होतं. स्टीअरिंग हाताला चटके देत होतं. आरशात तिनं आईला पाहिलं. चेहरा लालबुंद, घामानं डबडबलेला. जिवंत माणसाचा चेहरा.

ऑफेलियाचाही डावा हात खिडकीपाशी भाजत होता.

उजवा हात मात्र…

रिकाम्या सीटकडचा उजवा हात…

त्यावर काटा आला होता. मनगटापासून खांद्यापर्यंत. आणि त्यावरची बारीक लव हलत होती.

मागे. पुढे.

मागे. पुढे.

आई आता दवाखान्याच्या गाडीनं जाते. बरी आहे. निळी गाडी ऑफेलियाच्या घरच्या अंगणात उभी आहे. ती विकावी, असं एलिसेओ दर आठवड्याला सुचवतो.

ऑफेलिया तयार नाही. विचारलं तर कारण सांगत नाही.

पण परवा शेजारणीनं पाहिलं. ऐन दुपारी, काचा वर करून, ती त्या गाडीत एकटीच बसली होती. इंजिन बंद. आणि अंगात स्वेटर.