टोपल्याखालचं पाऊल

दिवस चांगला वर आला तेव्हा पार्वताबाईनं ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं फडक्यात बांधलं आणि ती सुभद्राच्या घरी निघाली. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारणींनी घास न्यायचा, ही रीतच आहे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट, मोर्शीकडच्या संत्र्यांच्या बागांतली.

सुभद्राची सून शकुन आदल्या दिवशी बागेत सापडली होती, स्वतःच्याच पदरानं गळा आवळलेली. त्या वर्षातली ही तिसरी. दुसरी पार्वताबाईची थोरली लेक, जमुना. दर वेळी बाई एकटी, जमीन ओली आणि काळी, आणि प्रेत पाहायला धावलेल्या गावानं मारेकऱ्याचा माग तुडवून टाकलेला. पोलिसांचे मोठे साहेब येत, चिखलाकडे बघत आणि परत जात. अकोल्याकडच्या एका गाडीवानाला धरून बेदम मारलं होतं. शकुन मेली तेव्हा तो बिचारा कोठडीतच होता.

पार्वताबाई पोचली तेव्हा बाया टोपल्याभोवती बसल्या होत्या. माणूस गेलं की त्या रात्री, मयत ठेवलेल्या जागी पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा आणि पिठावर टोपलं उपडं घालायचं. गेलेला जीव ज्या जन्माला जाणार त्याची खूण सकाळी पिठात दिसते, असं म्हणतात. कुणाला चिमणीची नखं दिसतात, कुणाला सापाची रेघ.

सुभद्रानं टोपलं उचललं. पिठात माणसाचं उजवं पाऊल उमटलं होतं.

बायांनी हात जोडले. सुभद्राला रडता रडता हसू आलं.

"एकाच पायानं आली वं," ती म्हणाली. "जिती होती तवाही अर्धंच काम करे."

बायाही डोळे पुसत हसल्या. पार्वताबाई वाकून पाहत होती. पाऊल रुंद होतं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं.

हेच पाऊल तिनं जमुनेच्या टोपल्याखाली पाहिलं होतं. जमुनेचा पाय अरुंद, बोटं सरळ. पण नवा जन्म, नवा पाय, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. त्या एका पावलाच्या आधारावर ती पुन्हा जेवू लागली होती, बाजारात भाजी विकू लागली होती. दोन बायांना एकच पाय कसा भेटेल? ते पाऊल त्यांचं नव्हतंच. ज्यानं मारलं तोच रात्री घरात शिरला होता, टोपलं उचलून पिठात पाय देऊन गेला होता.

बाहेर लिंबाखाली तपासाला आलेले पोलीस जमादार उत्तमराव बसले होते. उठून सांगायचं, एवढंच. पण सांगायचं म्हणजे जमुनेचा माणसाचा जन्म आपल्याच हातानं पुसायचा.

"माह्या सुनेले माणसाचा जनम भेटला," सुभद्रानं तिचा हात धरला. "नाई का वं, पार्वता?"

"हो वं माय," पार्वताबाई म्हणाली.

पीठ नदीत सोडलं.

घरी धाकटी सत्यभामा होती, लग्न ठरलेली. पार्वताबाईनं तिला मळ्यात एकटीनं जाऊ नको म्हणून बजावलं, पण कारण सांगितलं नाही. पोरगी हसली, वांगी काय घरी चालत येतात, म्हणाली. बाजाराच्या दिवशी पार्वताबाई मोर्शीहून परतली तेव्हा सारं गाव तिच्या मळ्यात गोळा झालं होतं. सत्यभामेच्या मुठीत अजून एक कोवळं वांगं होतं. ते कुणाला सोडवता आलं नाही, तिच्यासोबत तसंच जाळलं.

त्या संध्याकाळी तिनं जमादारांना सगळं सांगितलं.

"हे आधी काहून नाई सांगतलं, बाई?"

"सांगतलं असतं, त माही जमुना कोठं गेली असती?"

मग उत्तमरावांनीच युक्ती काढली. नुसतं टोपल्याखाली नाही, घरभर पीठ पसरायचं. टोपल्यापर्यंत जायला त्याला पाय टेकावाच लागेल. येतानाचा माग सापडेल, जातानाचाही. त्याला पुढचीच वाट उरावी म्हणून पार्वताबाईनं मागच्या दाराला आतून कडी घातली, टोपलं आणि दिवा मांडला, घरातलं सारं पीठ मागं सरत भुईवर पसरलं आणि पुढचं दार ओढून ती जमादारांशेजारी ओट्यावर अंधारात बसली. फटीतून कच्च्या पिठाचा आणि जळत्या तेलाचा वास येत राहिला. कोणी आलं नाही.

उजाडलं तसं त्यांनी दार ढकललं. घरभर पीठ जसंच्या तसं होतं. मुंगीचीसुद्धा रेघ नव्हती. मागची कडी तशीच. उत्तमरावांनी उंबऱ्यातूनच काठी लांब करून टोपलं उलथवलं.

पाऊल होतं. उजवं. अंगठ्यावर बोट चढलेलं. बोटं दाराकडे.

"पण... आला कोठून?" जमादार पुटपुटले.

पार्वताबाई उंबऱ्याशी खाली बसली. तिच्या डोळ्यांत वेडी आशा आली होती.

"सत्ये..." ती हळूच म्हणाली. "तूच हायेस ना वं?"

आत काही हललं नाही. मग त्या पावलाच्या पुढं, दाराच्या बाजूला, कोऱ्या पिठात एक खळगा पडला. टाचेचा. त्यामागोमाग एकेक बोट उमटत गेलं, सावकाश, अंगाचा सारा भार टाकून कुणी चालावं तसं.

ते डावं होतं.