लोडरचा ताजा रंग

लोडरची बकेट इतक्या जोरात खाली आली होती की त्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळाला नव्हता. छाती चेपून बरगड्या शर्ट फाडून बाहेर आल्या होत्या.

खाजगी गुप्तहेर चौकस (हे त्याचं टोपणनाव) जुन्या मशिनींच्या यार्डात पोचला, तेव्हा प्रेत नुकतंच पट्ट्यांवर चालणाऱ्या लोडरखालून ओढून काढलं होतं. चौकससोबत आलेल्या त्याच्या मेहुण्याने ते एकदाच बघितलं आणि तो भिंतीपाशी जाऊन ओकला.

"माझ्या नवऱ्याला नेतायत हो," चौकसला बोलावून आणणारी मिस्त्रीची बायको म्हणाली. "म्हणे तेलाच्या पाइपचा जोड त्याने ढिला ठेवला, म्हणून बकेट उचलणारे मशीनचे हात कोसळले आणि मशीन बघायला आलेला शेतकरी मेला. खुनी ठरवतायत त्याला!"

मिस्त्री पोलिसांच्या गाडीत होता. कोणीतरी आधीच त्याचा ओठ फोडला होता.

चौकस प्रेताजवळ बसला. हातमोज्यांना लाल रंग लागला होता. कपड्यांवर, पाठीपासून पायापर्यंत, नुसतं रक्त होतं.

मग तो गाडीपाशी गेला. "जोड?"

"करकचून आवळला होता, साहेब. मी मागच्या शेडमध्ये लोखंड घासत होतो, काही ऐकूच आलं नाही. सकाळी फक्त रंग मारला. मालक म्हणाले, गिऱ्हाईक येतंय, चकाचक दिसू दे. टेकूला लाल, सीटपुढच्या दांड्याला पिवळा. वाळलाही नव्हता अजून."

"टेकू कशाला?"

"मशीनचे हात वर असताना खाली वाकायचं तर लावावाच लागतो. काढायला दोघं लागतात. एकाने सीटवर बसून हात जरासे उचलायचे, दुसऱ्याने टेकू ओढायचा. आणि दांडा मांड्यांवर घेतल्याशिवाय मशीन हलत नाही."

यार्डाचा मालक घाम पुसत होता. "मी ऑफिसात फोनवर होतो. आणि मी चालवणार कसा? दांडा माझ्या पोटावरच अडकतो! पण गिऱ्हाईक भारी किचकट हो. पट्ट्यांच्या भेगांत बोटं घालून बघितली, रंग बघून 'काय लपवलंय?' विचारलं. वर स्प्रिंगचीच सीट पाहिजे म्हणून अडून बसला."

मयताचा धाकटा भाऊ ड्रमवर बसला होता. एक हात दुखऱ्या कमरेवर, आणि दादाची हत्यारांची पिशवी मांडीवर घट्ट धरलेली.

"दादाच सीटवर बसला," तो म्हणाला. "मशीनचे हात वर केले, उतरला आणि टेकू न लावताच खाली वाकला. घाई, दुसरं काय! मी पाणी प्यायला वळलो आणि पाइप सुटला."

"मग अपघातच की, भाऊजी," मेहुणा तोंड पुसत म्हणाला.

"प्रेत बघून ओकलास, पण नीट बघितलं नाहीस," चौकस म्हणाला. त्याने सगळ्यांना लोडरपाशी बोलावलं.

"पाइप वजनाखाली सुटला असता तर तेलाचं कारंजं उडालं असतं. खालच्या माणसाला अंघोळ झाली असती. याच्या अंगावर तेलाचा थेंब नाही. म्हणजे मशीनचे हात आधी खाली आले आणि जोड मागाहून ढिला केला."

त्याने प्रेताचे हातमोजे दाखवले.

"टेकू लावला नव्हता म्हणे. मग हातमोज्यांना लाल रंग कुठून आला? याने टेकू लावला होता, आणि टेकू असेपर्यंत हात कोसळत नाहीत. शेवटी तो काढायला हा पुन्हा खाली गेला. सीटवरच्या माणसावर त्याचा विश्वास होता."

"पण सीटवर तर तो स्वतःच..." मेहुणा अडखळला.

"ओला दांडा मांड्यांवर घेतला असता तर पॅंटवर पिवळा पट्टा उठला असता. याची पॅंट बघ, आहे कुठे? मालक दांड्यात मावत नाहीत. मिस्त्रीच्या कपड्यांवर रंगाचे नुसते शिंतोडे आहेत." चौकस धाकट्याकडे वळला. "मघापासून ती पिशवी मांडीवरून हलत नाही. जरा बाजूला करा."

धाकट्याने पिशवीत हात घातला आणि हातोडा काढून चौकसच्या डोक्यावर उगारला. मेहुणा आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर हलला. घाव त्याच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज आला, पण त्याने धाकट्याला मिठी मारून खाली पाडलं. पिशवी उलटली. पाना बाहेर पडला, तेलाने माखलेला. धाकट्याच्या मांड्यांवर पिवळा पट्टा होता, आडवा, सरळ.

"हो, मीच!" धाकटा जमिनीवरून किंचाळला. "जन्मभर शेण उपसलं, दगड वाहिले, कंबर मोडून घेतली. मशीन आलं की दादा मला हाकलणारच होता. आणि वर मलाच सांगतो, बस, चालवून दाखव!"

मालक पुढे आला.

"अहो, ती स्प्रिंगची सीट तो तुमच्यासाठी मागत होता," तो म्हणाला. "म्हणाला, भावाची कंबर गेलीय, झटके बसायला नकोत. आता हे मशीन तोच चालवणार."

धाकट्याची धडपड थांबली. पोलिसांनी बेड्या घातल्या, तरी तो प्रेताकडेच बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "मला सांगायचं होतंस ना रे."

गाडीतून मिस्त्री उतरला. बायकोने त्याचा ओठ पुसला, आणि पोलिसांनी त्याच जागी धाकट्याला बसवलं.