विका म्हणण्याआधी

अप्पांचा अंगठा फोनवरच्या ‘विका’ या बटणावर अधांतरी थांबला होता. समोरच्या चहावर साय धरली होती. ज्या कारखान्यात ते जन्मभर फिटर होते, त्याचेच शेअर त्यांना विकायचे होते. अंगठा टेकायच्या आतच भाव घसरला.

“बघ,” ते मुलीला, शलाकाला, म्हणाले. “मी विकायला निघालो की पडलाच म्हणून समज.”

शेअर बाजार चालवणाऱ्या कंपनीत शलाका माहिती-विक्री विभागाची प्रमुख होती. बाजारातला आरडाओरडा कधीच संपला होता. घेणारा आणि विकणारा यांची गाठ आता एक यंत्र घालून देई. जुळलेल्या प्रत्येक सौद्यामागे कंपनीला किरकोळ शुल्क मिळे, शेअर नोंदवणाऱ्या उद्योगांकडून वार्षिक फी येई. पण खरी मलई माहितीत होती. बड्या दलालांची यंत्रं बाजाराच्याच इमारतीत भाड्याने बसलेली असत, आणि इतरांच्या निमिषभर आधी काही कळावं म्हणून ते दलाल वाटेल तेवढे पैसे मोजत.

त्यांच्यासाठी शलाकाच्या विभागाने ‘चाहूल’ नावाची सेवा आणली. बटणावर अंगठा किती वेळ घुटमळतो, हे बाजाराचं अॅप मोजू लागलं. न झालेल्या सौद्यांची खबरही दलालांना विकली जाऊ लागली. त्यात कोणाचं नाव जात नसे, आणि संमतीच्या चौकटीत सगळ्यांनीच न वाचता खूण केलेली होती. कायद्याने सगळं चोख होतं.

एकट्या अप्पांच्या घुटमळण्याने भाव हलला नसता. पण कारखान्यातले निवृत्त सोबती सकाळी बागेत जमत, विकायचं ठरवत, आणि घरी जाऊन सगळे एकाच वेळी अडखळत. ज्या कारखान्याने पोसलं, त्याचे शेअर विकायला कोणाचाच हात धजत नसे. तेवढ्यात दलालांची यंत्रं आपले शेअर विकून मोकळी होत, आणि भाव पडे.

“शलू, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं तूच ठरव,” अप्पा एकाएकी म्हणाले.

“करायचं म्हणून तुम्हीच ठरवलंत ना?”

“म्हणूनच भीती वाटते गं. हल्ली मी ठरवतो त्याच्या उलटच होतं. माझं डोकं चालेनासं झालंय.”

गुप्ततेच्या करारावर शलाकाची सही होती. तोंड उघडलं तर नोकरी गेलीच.

“डोकं अगदी ठिकाणावर आहे तुमचं,” ती म्हणाली. “भाव पडतो, त्यात तुमची काही चूक नाही, अप्पा.”

अप्पांनी फोन बाजूला ठेवून तिच्याकडे निरखून बघितलं.

“इतक्या खात्रीने सांगतेस? मग चूक कोणाची आहे?”