अजून थोडं घासा

ग्यानबा पहिल्यांदा आमच्या कापसाच्या जिनिंगात आला, तेव्हा त्याच्या खांद्यावर दोन लोखंडी दांडे होते. दारातून वळताना त्यानं त्यांची टोकं थेट माझ्या घागरीवर आपटली. घागर फुटली आणि माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं.

"लागलं का?" त्यानं विचारलं.

"मला न्हाई. कॅमशाफ्टला लागलं असंल तर बघा."

तो बघतच राहिला. दांड्यांकडे नाही, माझ्याकडे.

"तुमाला कसं म्हाईत, याला कॅमशाफ्ट म्हणतेत?"

मी फुटक्या घागरीचे तुकडे गोळा करायला लागले. माझे वडील मसाजी वसमतच्या त्या जिनिंगात मिस्त्री होते. इंजिनं सांभाळायचे आणि कुणाची मोटार आली तर तीही दुरुस्त करायचे. पण दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांवर सारा आला होता, दिसेनासं झालं होतं. ते बोटांनी चाचपून सांगायचे आणि काम मी करायची. बाहेर मात्र कुणाला पत्ता नव्हता.

ग्यानबा मूळचा साखऱ्याचा, आमच्यासारखाच मेंढरं राखणाऱ्या घरातला. पुसेगावच्या संपतरावांची मोटार चालवायचा. १९३८ ची संक्रांत झाल्यावर हिंगोलीच्या छावणीच्या मैदानावर मोटारींची शर्यत होती आणि संपतरावांना पहिला नंबर हवा होता.

कॅमशाफ्टवर बारा उंचवटे असतात. आम्ही त्यांना नाकं म्हणायचो. दांडा फिरला की नाकं वाल, म्हणजे इंजिनाच्या झडपा, उचलतात आणि इंजिन श्वास घेतं. नाक तसंच ठेवून बाकीचा गोल भाग घासला, की नाक तेवढंच वर येतं. वाल जास्त उघडतो, गाडी जोरात पळते. पण तीच गाडी हळू चालवली की धापा टाकते.

कॅमशाफ्टचं नाव तोंडून गेलंच होतं, म्हणून ग्यानबापासून न लपवता दोन्ही दांड्यांवर मीच कानस फिरवून पाहिली. मोटारीतल्या दांड्याला ती चावली. भंगारातून आणलेल्या दांड्यावरून नुसती घसरली.

"हा घ्या. हा कडक हाय, लवकर झिजणार न्हाई," मी म्हणाले.

"तुमी म्हणाल ते बराबर."

एवढ्या लवकर हो म्हणणारा माणूस मला तेव्हाच खटकला होता.

चार दिवस मी घासण्याच्या चाकावर वाकून बाराच्या बारा नाकं एकसारखी केली. आठ दिवसांत ग्यानबा दांडा घेऊन परत हजर.

"मालक म्हणतेत, अजून थोडं घासा."

पुन्हा घासला. पुढच्या मंगळवारी पुन्हा दारात.

"गाडी बाजारात तीनदा बंद पडली. एकदा तर बैल बुजून हळदीची पोती सांडली..."

"मग तुमी मालकाला सांगितलं का, की आता बस?"

"मालक म्हणाले अजून घासा. मी जी म्हणालो."

"तुमी कवा न्हाई म्हणता का कुणाला?"

"सवय न्हाई," तो म्हणाला आणि हसला. उडणारा कापूस त्याच्या भुवयांवर बसला होता. ते हसू मला आवडलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्यानं फडक्यात बांधलेला हुरडा पुढे केला.

"हे बी मालकानं दिलं?"

"न्हाई... हे माझं मीच आणलं."

वडील कोपऱ्यात उगाच खोकले. हुरडा गोड होता. मी तसं सांगितलं नाही.

पण या तिसऱ्या वेळी मी दांडा हातात घेतला नाही.

"आता नाक केसभर जरी वर आलं, तरी वाल पिस्टनवर आदळंल. इंजिन जागीच अडकंल. पळती गाडी अशी अडकली तर उलटती. शर्यतीत गाडीत कोण बसणार हाय?"

"मीच."

"अन् तरी बी तुमी जी म्हणून आलात?"

मी घासण्याच्या चाकाचा पट्टा उतरवून ते थांबवलं.

"मी घासणार न्हाई. दुसरा मिस्त्री बघा, अन् खुशाल मरा."

"तुमी... काहून रडून राहिल्या?"

"डोळ्यात लोखंडाचा कण गेला."

"चाक तर बंद हाय," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संपतराव स्वतः आले. ग्यानबा मागे उभा.

"मिस्त्री, काय तकलीफ हाय? सांगितलं तेवढं घासून द्या," ते वडिलांना म्हणाले.

वडील काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "न्हाई, मालक."

संपतराव सावकाश वळले. "काय म्हणालास?"

"आता घासायचं न्हाई. घासलं तर मी गाडीत बसणार न्हाई. अन् हे काम मिस्त्रीमामा करीत न्हाईत, ही करती. हिनं सांगितलंय ते बराबर हाय."

मी कपाळाला हात लावला. जन्मात पहिल्यांदा 'न्हाई' म्हणाला, आणि त्याच दमात आमचं दोन वर्षांचं गुपित फोडून बसला.

संपतरावांनी त्याला तिथंच कामावरून काढलं. पण दुसरा मिस्त्री शोधायला वेळ उरला नव्हता. दांडा होता तसाच बसवून शर्यतीत ते स्वतः गाडीत बसले आणि पहिले आले. जिनिंगच्या मॅनेजरांनी मला बोलावलं, तेव्हा आता वडिलांचं काम जाणार असं धरूनच मी गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "मोठ्या इंजिनाचाही दांडा घासता येईल का?"

शर्यतीनंतर तिसऱ्या दिवशी ग्यानबा रेल्वेनं वसमतला आला. हात मोकळे.

"मालकानं परत बोलावलं. मी गेलो न्हाई. इथं मोठ्या इंजिनावर माणूस पायजे म्हणे."

"कोण म्हणे?"

"मिस्त्रीमामा."

वडील पुन्हा खोकले. यांचं सगळं ठरलं होतं तर.

"अन् मला कुणी विचारलं?"

"तेच... विचारायला आलो."

पट्टा फटफटत होता, जिनिंगाची धडधड चालू होती. तो कापसाच्या ढिगाकडे बघत उभा.

"विचारा की मग. मला काम हाय."

"फुला... माझ्यासंगं संसार करशील का?"

पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली होती. मी खाली मान घालून 'करीन' म्हणाले. त्या गोंगाटात ते त्याला ऐकूच गेलं नाही.

"आं? काय म्हणालीस?"

आता मात्र हद्द झाली. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "करीन म्हणलं, तुमच्यासंगंच करीन..."

नेमकं त्याच क्षणी जेवणाच्या सुट्टीसाठी मोठं इंजिन बंद झालं. सरकी वेचणाऱ्या चाळीस बायकांनी एकदम माना वळवल्या.