एकाच चकव्याच्या दोन दिशा

चकवा एक, फाटक एक आणि दिशा मात्र दोन. आता सांगा, हे कसं काय?

अप्पांच्या फाटकात उभं राहून मी फोन डोळ्यांसमोर धरला, की चकवा समोर दिसायचा, सड्यावरच्या पिंपळाच्या पाराजवळ. उंच, काळं घोंगडं पांघरलेला आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. माझा धाकटा भाऊ अनीश त्याच जागी उभा राहिला, की त्याच्या फोनमध्ये तोच चकवा पार उजवीकडे, करवंदीच्या जाळ्यांपलीकडे. फोन खाली केला की दोन्हीकडे कोणी म्हणजे कोणी नाही. नुसतं कंबरभर गवत आणि वारा. अंगावर सरसरून काटा आला माझ्या, खोटं कशाला सांगू!

"तुझा फोन बिघडलाय," मी म्हणाले.

"तुझाच बिघडलाय. तू भित्री आहेस ना, म्हणून तो तुला भलतीकडेच दिसतो." अनीश आहे सात वर्षांचा, पण जीभ सत्तर वर्षांची.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं कोकणात येतो, अप्पांकडे. अप्पा म्हणजे आमचे आजोबा. त्यांचं घर सड्याला लागून आहे. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा सपाट कातळ. तरुणपणी अप्पा पुण्यात मोबाईलवरचे खेळ बनवायचे. बाबा रांगत होते तेव्हाचे दोन फोन त्यांनी अजून जपून ठेवलेत. खाऱ्या हवेनं ते खराब होऊ नयेत म्हणून आमच्या काकीनं त्यांना जाड कापडाच्या दोन सारख्या थैल्या शिवल्यात. थैलीला झाकण आणि झाकणाला जुन्या पर्सचं, टच्चकन बसणारं बटण.

त्या फोनांत अप्पांनी स्वतः बनवलेला खेळ आहे, 'चकवा'. रानात वाट चुकून माणूस तिथल्या तिथे फिरत राहिला, की आमच्याकडे म्हणतात, याला चकवा लागला. खेळात उलटं. आपण चकव्याला शोधायचं, जवळ जायचं आणि पडद्यावर बोट टेकवून त्याला पकडायचं. अप्पा त्याला संवर्धित वास्तव म्हणतात (म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर बसवलेलं खोटं चित्र).

आम्हाला यात नवीन काहीच नव्हतं. आमचे चष्मे दिवसभर हेच करतात. शाळेचा रस्ता दाखवतात, झाडांची नावं दाखवतात. आणि खड्डा आला की कानात सांगतात, "पुढे खड्डा." त्यामुळे आम्ही पोरं चालताना खाली बघतच नाही. बघायचं कशाला? चष्मा बघतो ना!

"चष्मे काढून ठेवा," अप्पांनी बजावलं होतं. "हा खेळ साध्या डोळ्यांनी खेळायचा. आणि फाटकाबाहेर एकट्यानं जायचं नाही. कळलं?"

कळलं, म्हणालो आम्ही. आणि मी हे दोन दिशांचं कोडं घेऊन परसदारी गेले. अप्पा तिथे सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यांना हाताला धरून उठवलं आणि फाटकाशी घेऊन आले.

फाटक सताड उघडं होतं. पायरीवर अनीशचा चष्मा होता. अनीश नव्हता.

"अन्या!" मी ओरडले. "ए अन्या! मस्करी पुरे हं!"

काकी आतून धावत आली आणि तशीच पाराकडे पळत गेली. दोनदा पाराला फेरी घालून तिनं लांबूनच हात हलवले. तिथे कोणी नव्हतं. सूर्य समुद्राकडे कलला होता. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सड्यावर जुन्या चिरेखाणी आहेत, केतकी," ते म्हणाले.

मी त्या पाहिल्या होत्या, लांबून. घर बांधायला जांभ्या दगडाचे चिरे कापून नेतात, आणि मागे उरतात ते उभ्या भिंतींचे चौकोनी खड्डे. पावसाळ्यात ते पाण्यानं भरतात. दिवाळीपर्यंत गवत इतकं वाढतं, की काठ कुठे संपला ते कळतच नाही. गेल्या साली गावातली एक म्हैस त्यात पडली, ती वर आलीच नाही. अनीशला तर पोहताही येत नाही.

"पण फोन सांगेल ना त्याला? पुढे खड्डा म्हणून?"

"नाही गं बाई. तो फोन आंधळा आहे."

"आंधळा कसा? कॅमेरा आहे त्याला!"

"कॅमेरा आहे, पण समोर काय आहे ते त्याला समजत नाही. तुमचा चष्मा प्रकाशाच्या लहरी सोडून जमीन चाचपत चालतो. या फोनला जमीन ठाऊकच नाही. त्याला तिथे खाण काय आणि अंगण काय!"

अनीशला हे कुठे माहीत होतं? त्याला वाटत असणार, फोन बघतोय.

"खाणी काय एक आहे? चहूकडे आहेत," अप्पा स्वतःशीच बोलत होते. "कुठल्या बाजूला जाऊ मी?"

तेव्हा मला आठवलं, मी त्यांना मुळात कशाला बोलवायला गेले होते. मी भडाभडा सांगून टाकलं. एकच चकवा, पण मला समोर आणि अनीशला उजवीकडे.

अप्पा एकदम थबकले. "त्यानं फोन कसा धरला होता? थैलीसकट?"

"हो. काकीच म्हणाली, फोन गुळगुळीत आहे, थैली काढू नकोस, पडेल. झाकण मागे दुमडून धरला होता. मी माझी थैली काढून ठेवली, मध्ये मध्ये येते मेली."

"आण ती थैली. पळ!"

मी ओसरीवरून थैली आणली. अप्पांनी तिचं बटण फाटकाच्या लोखंडी कडीजवळ नेलं. टच्च! बटण कडीला चिकटून बसलं.

"चुंबक!" मी म्हणाले.

"चुंबक," अप्पा म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर शिवली थैली, पण माझ्या डोक्यात आलं नाही. आता नीट ऐक, कारण अनीशला शोधायला मला तुझे डोळे लागणार आहेत. चकवा कुठे काढायचा हे फोन कसं ठरवतो? आधी तो उपग्रहांना विचारतो, मी कुठे आहे? उपग्रहांच्या संदेशांवरून त्याला आपली जागा कळते. चकव्याची जागा मी खेळात लिहून ठेवली आहे, पिंपळाचा पार. दोन जागा कळल्या की चकवा कुठल्या दिशेला आहे, तो हिशेब सोपा. इथून पार उत्तरेला आहे. बरोबर?"

"बरोबर. पण फोनला उत्तर कुठे आहे, ते कसं कळतं?"

"तिथेच तर गोम आहे! फोनच्या पोटात चुंबकमापक असतो (म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व ओळखणारं चिमुकलं होकायंत्र). तो सांगतो, आता फोनचं तोंड इकडे आहे. तोंड उत्तरेला झालं, की फोन कॅमेऱ्याच्या चित्रावर चकवा काढून मोकळा. पण पृथ्वीचं चुंबकत्व फार दुबळं असतं. शेजारी बटणातलं चुंबक येऊन बसलं, तर?"

"तर होकायंत्र बटणाचं ऐकणार!"

"थोडं पृथ्वीचं, थोडं बटणाचं. म्हणून त्याची उत्तर भलतीकडेच गेली, आणि चकवाही तिच्याबरोबर गेला."

मला रडू येत होतं, पण त्याच वेळी डोक्यात काहीतरी लख्ख झालं. "अप्पा, माझीही थैली तशीच आहे. बटणही तसंच आहे. मी अनीशसारखाच फोन धरला तर? माझा फोनही तशीच चूक करेल ना?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन थैलीत घातला, अर्धा बाहेर ठेवला, झाकण मागे दुमडलं आणि माझ्या हातात दिला. "अगदी त्याच्यासारखा धर. सावकाश फिर."

मी पाराकडे तोंड केलं. चकवा नव्हता. मगाशी तिथेच होता, आता नव्हता. मी उजवीकडे वळत गेले. काजूचं झाड आलं, विजेचा खांब आला, करवंदीच्या जाळ्या आल्या. आणि त्यांच्या पलीकडे काळं घोंगडं पांघरून तो उभा होता. तो खोटा आहे, नुसतं चित्र आहे, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मला त्याच्याकडे बघवेना, कारण अप्पा हळूच म्हणाले, "तिकडे सगळ्यांत मोठी खाण आहे."

अप्पांनी कुंपणातला बांबू उपसून मला दिला. "काठी टेकवल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. जमीन लागली तरच पुढे. मी मागेच आहे."

करवंदीच्या काट्यांनी माझे हात ओरबाडले. पलीकडे गवतच गवत. काठी टेकव, पाऊल टाक, काठी टेकव, पाऊल टाक. धावत सुटावंसं वाटत होतं आणि धावायचं नव्हतं. देवा, माझ्या अन्याला काही होऊ देऊ नकोस, असं मी पुटपुटत होते. मी त्याच्याशी भांडले होते हे आठवून तर जीव नुसता तीळ तीळ तुटत होता.

आणि मग त्याचा लाल शर्ट दिसला.

तो माझ्याकडे पाठ करून चालत होता, फोन डोळ्यांसमोर धरून. खाली बघत नव्हता. त्याच्या पुढचं गवत हाताभरावर संपत होतं, आणि गवतापलीकडे हिरवंगार पाणी होतं. चकवा त्याला त्या पाण्यावर उभा दिसत असणार.

माझ्या तोंडात हाक आली आणि मी ती गिळली. मी हाक मारली की अनीश पळतो. नेहमीच पळतो, मला हरवायला. आता पळाला तर पुढेच जाणार. काय करू? काय करू? मधल्या सुट्टीत आम्ही सगळे एक खेळ खेळतो. कोणी 'स्टॅच्यू' म्हटलं की दगडासारखं थांबायचं, 'ओव्हर' म्हणेपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. जो हलेल तो हरला. आणि आमच्या अनीशला हरणं म्हणजे मरण.

"स्टॅच्यू!" मी सगळा जीव घशात आणून ओरडले.

अनीश थांबला. एक पाय पुढे, हात तसेच वर.

त्याच्या पायाखालचा एक खडा सुटला आणि खाली गेला. बऱ्याच वेळानं 'डुबुक' असा आवाज आला. अनीशनं तो ऐकला. त्यानं डोळे खाली वळवले असावेत, कारण त्याचे खांदे थरथरायला लागले. फोन त्याच्या हातातून निसटला आणि तोही खाली गेला. तरी अनीश हलला नाही. मुसमुसत होता, पण हलला नाही.

"शाब्बास, अन्या," मी म्हणत राहिले. माझाच आवाज मला ओळखू येत नव्हता. "अजून ओव्हर म्हटलेलं नाही हं. अजून नाही."

अप्पा माझ्या बाजूनं पुढे गेले, गुडघ्यांवर बसले, मग चक्क पोटावर आडवे झाले. सरपटत सरपटत त्यांनी हात लांब केला, अनीशच्या चड्डीचा पट्टा मुठीत धरला आणि त्याला मागे खेचलं. दोघं गवतात उताणे पडले.

"ओव्हर," मी म्हणाले, आणि मटकन खाली बसले. मग मात्र तिघंही रडलो. अप्पासुद्धा.

घरी आल्यावर काकीनं अनीशला पोटाशी धरलं. "मेल्या, कुठे गेला होतास रे!" म्हणत एक धपाटा घातला, आणि मग त्याला गरम पेज भरवली. पेज संपवून अनीश म्हणाला, "अप्पा, फोननं मला फसवलं?"

"फसवलं नाही रे, सोन्या. फसवायला आधी खरं काय ते माहीत असावं लागतं. त्याला ठाऊक होती फक्त आपली जागा आणि दिशा, त्यातली दिशा चुकली. बाकी जग त्याच्यासाठी नव्हतंच."

"चष्म्याला तरी सगळं दिसतं ना?" मी विचारलं.

अप्पांनी मान हलवली. "आज तिथे चष्माही फसला असता. प्रकाशाच्या लहरी दाट गवतावर आपटून परत येतात, आणि चष्म्याला वाटतं हीच जमीन. जे दिसत नाही, ते कोणीतरी आधीच नकाशात लिहून ठेवावं लागतं."

"मग लिहिलं का नाही कोणी?"

दुसऱ्या दिवशी आम्हीच लिहायला घेतलं. बांबू टेकवत, कमरेला दोर बांधून, अप्पा प्रत्येक खाणीभोवती फिरले. मी काठापासून लांब उभी राहून जागा टिपत गेले. अनीशनं माझा हात एकदाही सोडला नाही, आणि मीही त्याला चिडवलं नाही. सुट्टी संपायच्या आत साऱ्या खाणींचे काठ गावच्या नकाशावर आले, आणि तो नकाशा गावातल्या प्रत्येक पोराच्या चष्म्यात गेला. सरपंचांनी मोठ्या खाणीला कुंपण घालायला घेतलंय, बाकीच्यांना पुढच्या पावसाआधी घालणार आहेत.

इशारा काय द्यायचा, यावर थोडा वाद झाला. अप्पा म्हणाले, 'पुढे खड्डा' पुरे. अनीश ऐकेना. "ते ऐकून कोणी थांबत नाही," तो म्हणाला. "ताई ओरडली ना, तसंच पाहिजे."

म्हणून आता सड्यावर कोणी पोर खाणीच्या जवळ गेलं, की त्याच्या कानात माझा आवाज येतो. त्या दिवशी ओरडले होते, तस्साच. निघायच्या आदल्या दिवशी मी स्वतः तिकडून चालले होते. "स्टॅच्यू!" कानात आलं आणि माझे पाय जागच्या जागी थिजले. आवाज माझाच होता. कितीतरी वेळ मी तशीच उभी होते, कोणीतरी 'ओव्हर' म्हणायची वाट बघत.