तिसरी जोडी

साल असेल पासष्ट-सहासष्ट. वारासिवनीत एक घर विकाऊ होतं आणि हिरालाल ते दाखवायला पुनाराम मिस्त्रीला घेऊन गेला होता. हिरालाल राइस मिलवर कामाला, निजायलाही तिथंच. बायको कमला चैतात गेली. पोरगी अनुसया लांजीला आजीकडे होती. घर झाल्याशिवाय पोर द्यायची नाही, असं सासूनं, तुळसाबाईनं, बजावलं होतं. हिरालाल खात होता, काम करत होता, पण आतून पार बधिर झाला होता. बायको गेली तेव्हाही त्याला रडू आलं नव्हतं.

पुनारामनं भिंती ठोकून पाहिल्या. वाळवी लागलेल्या आढ्यात पटाशी खुपसली तर ती मुठीपर्यंत आत गेली.

"उदईनं पोकळ केलं भाऊ. चुलीजवळ ओल हाय ते येगळीच. नोका घेऊ."

"पोरीले आणाचं हाय."

"मंग दाणे ठेवून पाहा."

तिकडची रीतच तशी. घरात जितकी माणसं राहणार, तितक्या तांदळाच्या जोड्या हळद लावून चुलीच्या जागी मांडायच्या. वर वाटी पालथी घालायची, भोवती राख पसरायची आणि रात्रभर दाराला कुलूप. ज्याची जोडी जागची हलत नाही, तो त्या घरात सुखानं नांदतो.

हिरालालनं आपली जोडी मांडली, पोरीची मांडली, आणि सवयीनं आणखी एक.

"भाऊ… हे तिसरी कोणाची?"

हिरालालनं खाली पाहिलं. जोडी उचलली असती तर कमला नाही हे आपल्याच हातानं कबूल केल्यासारखं झालं असतं.

"राहू द्या," म्हणत त्यानं वाटी पालथी घातली.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडलं तर ओल्या मातीच्या वासात मोहाच्या तेलाचा वास मिसळला होता. कमला केसांना तेच तेल लावायची. चुलीभोवतीची राख विस्कटली नव्हती. पुनारामनं वाटी उचलली. खाली हिरालालची जोडी तशीच होती. बाकीच्या दोन्ही जोड्यांच्या जागी नुसती हळद.

"उंदीर असन…" पुनाराम पुटपुटला. पण राखेवर एकही पाऊल नव्हतं.

"नाही घेत मी हे घर," हिरालाल म्हणाला आणि त्यानं लांजीची मोटार धरली. कित्येक महिन्यांनी त्याला काहीतरी वाटत होतं, आणि ती भीती होती.

अनुसया अंगणात खेळत होती, अगदी धडधाकट. त्यानं तिला उचलून छातीशी धरलं आणि इतके दिवस अडलेलं रडू एकदम फुटलं. मग तिच्या ताज्या वेणीचा वास त्याच्या नाकात गेला. मोहाचं तेल.

"वेणी कोणं घातली, माय?"

अनुसयानं घट्ट मिटलेली मूठ उघडली. आत हळद लावलेले तांदळाचे चार दाणे होते.

"आईनं. सकाळी आलती ना," ती म्हणाली. "म्हणे, बाबाले घर नाही पसंत पडणार. आपल्या दोघींसाठी मी दुसरं पाह्यलं हाय."