किशनराव व्हॉल्व्हमनची चावी

२७ डिसेंबर २०२३, बुधवार. लातुरात सकाळी धुकं, दुपारनंतर कोरडी थंडी, वारा नाही.

साडेचारच्या सुमारास हरिओम महादेवप्पाच्या भंगाराच्या दुकानात गेला. त्याची लखनौला बदली झाली होती. सामानाचा ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता, आणि लखनौला शोभणार नाही ते सगळं त्याला इथंच टाकून जायचं होतं. एक गंजलेली पेटी, दोन पिंपं, आणि एक चावी.

"चावी म्हणजे कुलपाची न्हाई," नरसिंगमामा म्हणाले.

ही पुढच्या हिवाळ्यातली रात्र. मामा गच्चीवर सतरंजी टाकून बसले होते. जेवणं झाली होती, खालच्या गल्लीत सामसूम होती. समोर भाचा आदर्श आणि भाची विशाखा, दोघांच्या पायांवर मिळून एक गोधडी.

"कमरेइतकी लोखंडी दांडी. वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालायची आन् फिरवायची. तेरा आटे फिरवले की गल्लीला पाणी. ही किशनरावची चावी, हरिओमच्या बापाची. त्यानं रेणापूरच्या लोहाराकडून घडवून घेतल्याली. मी आन् किशनराव बावीस वर्षं संगं पाणी सोडलं."

"मामा, पण ही भुताची गोष्ट हाय ना?" आदर्शनं विचारलं.

"मी भूत मानत न्हाई. आपल्या घरात कुणीच मानत न्हाई. हरिओमनं मला जे सांगितलं तेच सांगायलो."

आणि मामांनी सांगितलं ते असं.

किशनराव चौथी शिकलेला. पण त्याचा एक नेम होता. इतर व्हॉल्व्हमन वेळ झाली की पाणी बंद करून घरी जात. किशनराव आधी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. प्रत्येक फाटकावर चावीनं दोन ठोके आणि एक हाक, "भरून घ्या!" मग एक हंडा भरेल इतका वेळ थांबायचा. पाणी बंद केलं की कोपऱ्यावरच्या भिंतीवर खडूनं लिहायचा, "पाणी बंद. पुढचं पाणी", आणि तारीख. म्हाताऱ्यांना लांबून दिसावी म्हणून तारखेभोवती मोठा गोल. दहा-दहा दिवसांनी पाणी यायचं त्या वर्षीही त्याचा गोल कधी चुकला नाही.

हरिओमला या सगळ्याची शिसारी. शाळेत पोरं त्याला चावीवाल्याचं म्हणत. स्वतःच्या लग्नात त्यानं बापाला मागच्या रांगेत बसवलं, आणि मामांसमोरून जाताना ओळखही दाखवली नाही. बाप वारला २०१९ साली. लखनौच्या नव्या सोसायटीत हरिओमनं सांगितलं, वडील पाणीपुरवठ्यात चीफ इंजिनिअर होते.

"मेल्यावर बढती दिली बापाला," मामा म्हणाले. "जित्तेपणी चहा पाजला नव्हता."

महादेवप्पानं चावी ओळखली होती. "किशनरावची ना ही? असू दे की घरात."

"घरात ठेवून काय पूजा करू? टाका काट्यावर," हरिओम म्हणाला.

लखनौचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, नंबर ११०४. हरिओम, त्याची बायको साक्षी आणि माय कस्तुराबाई. रविवारी, सात जानेवारीला, वास्तूची पूजा होती. बँकेतले मोठे साहेब येणार होते, सोसायटीची कमिटी येणार होती. हरिओमचं सगळं लक्ष त्या रविवारावर. पडदे कोणते, बशा कोणत्या, आणि मायनं तोंड कितपत उघडायचं.

कस्तुराबाईनं सगळी खोकी सुटायच्या आधीच हंडे, पातेली, तांबे, जे हाताला लागलं ते भरून ओट्याखाली मांडलं. हरिओमनं एकेक उचलून मोरीत ओतलं. तिच्या देखत.

"माय, इथं चोवीस तास पाणी हाय. तुझं लातूर सोड आता."

"नवं घर हाय, बाबा. रात्रीचं भरलं पाणी असावं."

"लोक हसतील."

"आत्याबाईंचा एक हंडा तरी राहू द्या," साक्षी म्हणाली. त्यानं तोही ओतला.

चार जानेवारीला, गुरुवारी, जेवताना म्हातारीनं विचारलं, "ह्यांची चावी कंच्या खोक्यात हाय?"

"भंगारात दिली."

कस्तुराबाईनं ताटात हात धुतला. निजताना एक तांब्या भरून उशाशी घेतला, तेवढा हरिओमला दिसला नाही.

त्या रात्री धुकं इतकं दाट की खिडकीतून समोरची इमारत दिसेना. दोन वाजून पन्नास मिनिटांनी हरिओमला जाग आली.

बाहेरच्या पॅसेजमध्ये लोखंड फरशीवरून ओढल्याचा आवाज.

थांबला.

टण. टण.

तो ११०१ चा दरवाजा.

मग पुन्हा ओढल्याचा आवाज. ११०२. टण. टण. हरिओमला वाटलं, वॉचमन दारू प्यालाय. उद्या कमिटीत तक्रार करतो याची. तो उठून दरवाज्याशी गेला, भोकाला डोळा लावला. पॅसेजमध्ये ट्यूब जळत होती. कोणी नव्हतं.

टण. टण. ११०३.

पॅसेज रिकामाच.

मग त्याच्याच दरवाज्यावर. तळहाताखाली लाकूड थरथरलं. एकदा. दुसऱ्यांदा.

"भरून घ्या…"

आवाज दमलेला. गल्लीच्या शेवटच्या घराशी असायचा तसा.

आतल्या खोलीतून माय म्हणाली, "हऱ्या, भर की रे."

"गप झोप!"

"अजून येळ हाय. थांबतेत ते."

वेळ होता. हरिओमला तो वेळ ठाऊक होता. एक हंडा भरेल इतका. तो स्वयंपाकघरात गेला. रिकामा हंडा ओट्याखाली, नळ समोर. त्यानं तोटीला हात लावला. आणि मनात आलं ते हे, की मी बँकेचा मॅनेजर, आणि चावीवाल्याच्या हाकेवर पाणी भरू?

हात काढून घेतला.

भिंतीच्या आत काहीतरी फिरलं.

एक…

लहानपणी बापाशेजारी उकिडवा बसून त्यानं हे आटे मोजले होते.

चार… पाच…

गंज कुरकुरत होता. मधे दम घेण्याची जागा… आठव्यानंतर. तशीच.

अकरा…

बारा…

…

तेरा.

हरिओमनं तोटी उघडली. नळानं हवा ओढली. खोकला. गप्प झाला.

मामा थांबले. विशाखानं गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

"मग?" आदर्श म्हणाला.

मग सकाळी सगळ्या इमारतीत पाणी होतं. ११०४ मध्ये नव्हतं. प्लंबरनं तोट्या बदलल्या, पाइप उघडले, वरची टाकी पाहिली. ११०३ पर्यंत पाणी, पुढं नाही. रविवारी पूजेला शेजाऱ्यांकडून बादल्या आणल्या. साहेब हात धुवायला गेले आणि नळ त्यांच्या तोंडावर खोकला. कमिटीतला एक जण हिंदीत म्हणाला, चीफ इंजिनिअरच्या घरात पाणी नाही, वा! सगळे हसले. कस्तुराबाई कोपऱ्यातून म्हणाली, "इंजिनेर कहाँ के, साब. वो पानी छोडते थे."

हसू थांबलं. हरिओमच्या हातातला प्रसादाचा द्रोण कोणी घेईना.

मंगळवारी तो लातुरात, महादेवप्पाच्या दुकानात हजर. चावी जालन्याच्या भट्टीत गेली होती. तिथून हरिओम मामांच्या दारात.

"पयल्यांदा काका म्हणला मला," मामा म्हणाले. "काका, तुमची चावी देता का? म्हणलो, माझी रिटायर झालो तवाच जमा केली. असती तरी दिली नसती. इतका सूट-बूट घातलेला माणूस, आन् दारात असा उभा, जसं पाणी मागायला आलाय."

"पण मामा, त्याला भास झाला असंल," विशाखा म्हणाली. "पाइपात माती अडकली असंल."

"असंल की." मामांनी खिशातून फोन काढला. "हे साक्षीनं शुक्रवारी सकाळी काढलं, दूधवाल्याला दार उघडलं तवा. तिनंच मला पाठवलं."

आदर्शनं फोन हातात घेतला.

हरिओमनं १७ फेब्रुवारीला तो फ्लॅट सोडला. तोवर तिथल्या नळाला पाणी आलं नाही. कस्तुराबाई रेणापूरला भावाकडं राहते.

फोटोत ११०४ च्या दाराशेजारची पिवळी भिंत होती. तिच्यावर मराठीत, खडूनं, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पाणी बंद. पुढचं पाणी. आणि त्यापुढं मोठा गोल.

गोलाच्या आत काही लिहिलेलं नव्हतं.